एका मिनिटानंतर

१

धुळ्याच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर चोरीला गेला असं बुधवारी सकाळी ठरलं, आणि दुपारी बारापर्यंत चोरही ठरला.

१९९८ सालचा मे महिना. जळगावात सकाळी नऊलाच डांबर बुटांना चिकटत होतं. लीलाधर राण्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कूलरचं पाणी संपलं होतं आणि पंखा नुसताच घोंघावत होता. पंख्यासमोर रुपचंद पाटील बसले होते. धुळ्याला त्यांची जिनिंग होती, कापसातून सरकी काढायची गिरणी. फेब्रुवारीत त्यांनी याच दुकानातून एक कॉम्प्युटर नेला होता. तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, खेळांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड, सोबत जॉयस्टिक. तसलं मशीन तेव्हा अख्ख्या खान्देशात दुसरं असेल की नाही, शंकाच होती.

"दोन महिने वाऱ्यासारखं पळालं," रुपचंदभाऊ म्हणाले. "एप्रिलात तुमचा हा माणूस दुरुस्तीला येऊन गेला, आणि तेव्हापासून बैलगाडी. गाडीचा खेळ लावला की जरा वेळ पळतो, मग चित्र अडखळतं. कधी चालतं, कधी नाही. आणि जाताना हा रुमालात काहीतरी बांधून घेऊन गेला. आईने डोळ्यांनी पाहिलंय."

'हा' म्हणजे दिवल्या पावरा. तो शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या झिरणपाड्याचा. आयटीआय झालेला त्याच्या गावचा पहिलाच मुलगा, या दुकानात कामाला. तो स्टुलावरून उठून उभा राहिला होता आणि हातातला स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

"कचरा होता, शेठ," तो म्हणाला.

"कचरा रुमालात बांधून नेतात का रे कोणी?"

दिवल्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. तिथेच त्याचं चुकलं, असं लीलाधरभाऊ नंतर म्हणाले.

रुपचंदभाऊंची मागणी साधी होती. नवा प्रोसेसर बसवून द्यायचा आणि मुलाने चोरी लिहून द्यायची. लिहून दिलं नाही तर पोलीस. आणि पोलीस दुकानात कशाला येतील, ते सरळ झिरणपाड्याला जातील आणि बापाला उचलतील.

लीलाधरभाऊंनी कोरा कागद शैलजा बऱ्हाटेपुढे सरकवला. शैलजा बी.एस्सी. झालेली, विषय इलेक्ट्रॉनिक्स, दुकानात लागून वर्ष झालेलं. मशीन उघडण्यापासून पावत्या लिहिण्यापर्यंत सगळं करायची, आणि दुकानात अक्षर तिचंच चांगलं होतं.

"लिही पोरी. मी, दिवल्या आमश्या पावरा, लिहून देतो की..."

शैलजाने लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर दिवल्याने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही उघडून बघितलं का ते मशीन?"

"नाही."

"मग लिहिता कसं?"

तिचं पेन थांबलं. लीलाधरभाऊंनी घसा खाकरला. रुपचंदभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. पेन पुन्हा चालू लागलं.

दिवल्याने सही केली, तीही तिच्याच पेनने. कागद रुपचंदभाऊंनी घेतला. मग दिवल्याने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि तो बाहेर उन्हात गेला. जाताना त्याचा ड्रॉवर उघडाच राहिला. संध्याकाळी शैलजाने तो आवरला. दोन स्क्रूड्रायव्हर, एक रंगवायचा ब्रश, आणि गाठ मारलेला एक रुमाल. तिने गाठ सोडली.

आत मळकट, काळपट पडलेला कापसाचा बोळा होता. तिने गाठ पुन्हा मारली आणि ड्रॉवर लावून टाकला.

२

गुरुवारी नवा प्रोसेसर मांडीवर घेऊन ती धुळ्याच्या एसटीत बसली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि सबंध वाटेत तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मग लिहिता कसं?

पाटलांच्या घरी कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीला वाळ्याचा पडदा, मशीनवर रुपचंदभाऊंच्या आई कमलबाईंनी विणलेलं झाकण, शेजारी यूपीएस. टेबलाच्या डाव्या कडेला जॉयस्टिक स्क्रूने पक्की बसवलेली होती. तिच्या दांड्याचा काळा रंग एका बाजूने घासून गेला होता.

रुपचंदभाऊंचा धाकटा भाऊ चुडामण दारात उभा राहिला. वय तिशीचं. उजवा हात मनगटाशी संपत होता. गेल्या दिवाळीत तो हात जिनिंगच्या यंत्रात गेला. त्याआधी धुळे-शिरपूर रस्त्यावर त्याच्या जीपपुढे एसटीचे ड्रायव्हरही बाजूला सरकायचे, असं लोक सांगत. मशीन त्याच्यासाठीच घेतलेलं होतं. ते मोठ्या भावाने का घेतलं, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं.

"तुमचा चोर पकडला म्हणे," तो म्हणाला.

"सही केलीय त्याने," शैलजा म्हणाली. हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं.

तिने मशीनचा डबा उघडला. प्रोसेसर काढून त्याचा नंबर वहीत उतरवून घेतला. दुकानाच्या रजिस्टरमधून टिपून आणलेला नंबर शेजारीच होता. तिने दोन्ही एकदा वाचले. मग बोट ठेवून एकेक आकडा वाचला.

नंबर तोच होता.

म्हणजे फेब्रुवारीत गेलेला प्रोसेसर मशीनमध्येच होता. कोणी तो नेलाच नव्हता.

"मग दुसरं काही नेलं असेल," खालून आलेले रुपचंदभाऊ म्हणाले. "मेमरी का काय म्हणतात ते. मशीन मंद आहे हे तर खरं ना? तो काहीतरी घेऊन गेला हे खरं ना? मग?"

तिने मेमरी मोजली. चौसष्ट एमबी, पावतीप्रमाणे. ग्राफिक्स कार्ड तेच. डिस्क तीच. तरी रुपचंदभाऊंच्या म्हणण्याखातर नवा प्रोसेसर बसवला आणि जुना, चांगला असलेला, पिशवीत टाकला. मग गाडीचा खेळ लावून बाणांच्या कळांनी पाऊण तास चालवला. एकदाही अडखळला नाही.

"आता ठीक आहे," ती म्हणाली.

चुडामण दारातूनच बघत होता. "तुमच्यासमोर ठीकच असतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी दुकानातला फोन वाजला. रुपचंदभाऊंना ओरडायची गरज नव्हती, त्यांचा आवाज तसाही सगळ्यांना ऐकू गेला. "नवा प्रोसेसर बसवला ना? काल संध्याकाळपासून पुन्हा तसंच आहे."

३

"भूत असेल," लीलाधरभाऊ म्हणाले. "मेहरूणच्या तलावापाशी एक बाबा बसतो, त्याला घेऊन जा सोबत. तो एसटीचं भाडंही मागत नाही."

"दिवल्याला बोलवा, भाऊ. शेवटचं मशीन त्यानेच उघडलं होतं. त्याला विचारलं पाहिजे."

"बोलवू कुठून? काल माणूस पाठवला होता त्याच्या खोलीवर. रस्त्याच्या कामाची टोळी गुजरातेत चालली होती, तिच्याबरोबर गेला म्हणे."

"कुठे गुजरातेत?"

"टोळीला पत्ता असतो का, पोरी? रस्ता जिथे संपेल तिथे ती." त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण ते चष्मा पुसण्याइतकंच. "आणि बोलावून काय करणार? कबुली दिलेला माणूस आहे तो."

"कबुली मी लिहिली, भाऊ."

"अक्षर तुझं. सही त्याची."

पुन्हा एसटी, पुन्हा एरंडोल, पारोळा. यावेळी शैलजाने वहीत तीन ओळी लिहिल्या. चोरी. उष्णता. वीज. मंदपणाची तीनच कारणं तिला सुचत होती. पहिलं नंबरांनी खोडलं होतं, पण ते पटवायचं तर खरं कारण हातात हवं होतं. मशीन मंद का होतं हे जोवर सांगता येत नव्हतं, तोवर दिवल्या चोरच होता.

आधी उष्णता. जिनिंगवाल्यांच्या घरात कापसाचे तंतू उडतात, पंख्यात अडकतात, वारा कोंडतो, प्रोसेसर तापतो. तिने डबा उघडला. पंखा मात्र लखलखीत होता, पाती ब्रशने पुसल्यासारखी.

ब्रशने.

ड्रॉवरमधला ब्रश तिला आठवला, आणि मग रुमालातला तो मळकट बोळा. दिवल्याने पंख्यात अडकलेला कापूस काढला होता आणि रुमालात बांधून नेला होता. पण तिथेच का नाही टाकला?

ती खाली गेली. कमलबाई ओसरीत सांडगे पालथे करत होत्या.

"आक्का, तो मुलगा आला होता तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"व्हतू ना. रुमालमा काहीतरी गुंडाळी लिधं त्यानी. मी देखं. खाले मुंडी घालीसन गया." कमलबाईंनी एक सांडगा उचलून पाहिला. "पण पोऱ्या चांगला व्हता, माय. मी त्याले च्या दिधा. त्यानी कप सोता धुई ठेवा."

"वर कचऱ्याची टोपली नव्हती का?"

"वर कसाले टोपली? झाडू मारानी बाई खालेच लई येस बठ्ठा कचरा."

म्हणजे टोपली नव्हती. कचरा कुठे टाकू, हे परक्या घरात विचारायचं कोणाला? विचारलंच नाही त्याने. खिशात घालून नेला. ब्याण्णव किलोमीटर.

"अजून काही बोलला का तो?"

"बोलना ना. रुपचंद त्याले सांगे, लाइट गई का ते डबं दहा मिनिटमा बोंबलस, काहीतरी कर. तो बोलना, करस शेठ. मंग माले बोलना, आजी, आमनाकडे माणूस उठना का कंदीलनी वात खाले करी देतस. कोणी नही तठे कसाले तेल जाळानं? मी बोलनू, शहाणा शे तू." त्या हसल्या. "आमनाकडे आते कोणी वात खाले करत नही."

शैलजाने हे ऐकलं. वहीत मात्र लिहिलं नाही, कारण ते कॉम्प्युटरबद्दल आहे असं तिला वाटलं नाही.

४

कारण वीजही निघाली नाही. स्टॅबिलायझरचा काटा दुपारभर एकाच जागी होता.

मशीनवर बसणारी माणसं घरात दोन. एक चुडामण, दुसरा जिनिंगचा टायपिस्ट भिकन. तो दुपारी पत्रं टाइप करायचा आणि मालक नसले की गाडी पळवायचा.

"माझ्यावर संशय आहे का, मॅडम?" भिकनने विचारलं. "मी तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही सांगू शकत नाही."

"तुमच्या हाताखाली कधी अडखळलं का?"

"एकदाही नाही. आईशपथ. मला तर वाटतं चुडामणनानांना..." त्याने आवाज खाली केला आणि कपाळाजवळ बोट फिरवलं. "हात गेल्यापासून जरा तसं झालंय. आपला वेगच मेला तर मशीनचा कुठून दिसणार?"

हे घरात सगळेच म्हणत असावेत. कारण शैलजा वर गेली तेव्हा चुडामण खिडकीशी उभा होता आणि न वळताच म्हणाला, "भिकनने सांगितलं ना? माझ्या डोक्यात आहे म्हणून."

"माझ्या हाताखालीही अडखळत नाही," ती म्हणाली. "भिकनच्याही नाही. चोरीला गेलेला वेग सगळ्यांसाठीच जातो, नाना. एकाला सोडून दुसऱ्यासाठी नाही जात. म्हणून मला तुम्हाला खेळताना बघायचंय."

"नाही."

"का?"

"माझ्याकडे बघत बसलेलं मला चालत नाही."

मोठ्या भावानेही त्याला कधी खेळताना पाहिलेलं नव्हतं. दार लावूनच तो खेळायचा. जीपच्या स्टिअरिंगवर ज्याचा हात अख्ख्या जिल्ह्याने पाहिला, तो मनुष्य आता कोणालाही आपला हात बघू देत नव्हता. शैलजाला काय करावं कळेना. बिघाड दिसल्याशिवाय सापडत नाही, आणि तो दिसायला ज्याचे हात लागतात तो ते दाखवत नाही. तिकडे गुजरातेत कुठल्यातरी रस्त्यावर एक मुलगा खडी टाकत असेल, चोर म्हणून.

तिने खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं.

"मी बघत नाही. पाठ करून बसते. तुम्ही खेळा. अडखळलं की फक्त 'आता' म्हणा. नीट झालं की 'सुटली' म्हणा. बाकी काही बोलू नका."

मग खुर्ची सरकली. एंटरची कळ वाजली आणि स्पीकरमधून इंजिन गुरगुरलं.

५

भिंतीवर एका ट्रॅक्टर कंपनीचं कॅलेंडर होतं. शैलजाने डोळे सेकंदकाट्यावर ठेवले आणि कान मागे.

"आता," चुडामण म्हणाला.

तिने लिहिलं: एंटरनंतर साठ सेकंद.

डब्यातून डिस्कची करकर ऐकू आली. पुढचा रस्ता डिस्कवरून येत असावा.

"सुटली."

इंजिन पुन्हा चढ्या आवाजात. काटा फिरला.

"आता."

करकरीनंतर साठ सेकंद.

तिला वाटलं आपली वाचण्यात चूक झाली. पुन्हा डिस्क वाजली, पुन्हा "सुटली", पुन्हा "आता". एकसष्ट. शर्यत हरली. पुन्हा एंटर. साठ. पुन्हा. साठ. पान भरलं. चुडामणच्या 'आता'मधला राग हळूहळू गेला आणि नुसता थकवा उरला.

शैलजा पानाकडे बघत बसली. तापलेलं यंत्र कधी चाळीस सेकंदांनी अडखळेल, कधी चार मिनिटांनी. दुपारी लवकर, पहाटे उशिरा. विजेचंही तसंच. हे मात्र प्रत्येक वेळी एक मिनिट.

बिघाडाला घड्याळ कळत नाही. मिनिट कळतं ते माणसाला.

हा बिघाड नव्हताच. कोणीतरी मशीनला घालून दिलेला नियम होता.

"नाना," तिने भिंतीकडे बघतच विचारलं, "एंटर दाबल्यावर तुम्ही कीबोर्डला हात लावता का? किंवा माउसला?"

मागे जॉयस्टिकचा दांडा सुटल्याचा खट आवाज आला.

"कोणता लावू?" चुडामण म्हणाला.

तिने डोळे मिटले. टेबलाच्या डाव्या कडेला स्क्रूने बसवलेली जॉयस्टिक. घासलेला दांडा. एकच हात, आणि तो दांड्यावर. भिकन कळांनी खेळतो. ती स्वतः कळांनी खेळली. आणि ओसरीतून आलेला तो आवाज: माणूस उठना का कंदीलनी वात खाले करी देतस.

"नाना, मशीन बंद करून पुन्हा चालू करते. आता वळते."

"वळा," तो म्हणाला.

६

मशीन सुरू होताना डिलीटची कळ दाबून धरली की निळा पडदा येतो. मशीनने कसं वागायचं याचे नियम तिथे लिहिलेले असतात. वीज वाचवण्याच्या पानावर शैलजा थांबली. रुपचंदभाऊंना तिने खालून बोलावून घेतलं होतं. तेही पाठीमागे येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागे भिकन.

"हे बघा. एक मिनिट कोणाची चाहूल लागली नाही, तर प्रोसेसरने झोपल्यासारखं मंद चालायचं. हा नियम आमच्या दुकानातून मशीन निघालं तेव्हा बंद होता, त्याची नोंद आहे. दिवल्याने एप्रिलात तो चालू केला."

"म्हणजे त्यानेच बिघडवलं," रुपचंदभाऊ म्हणाले.

"तुम्हीच त्याला सांगितलं होतं, लाइट गेली की यूपीएस दहा मिनिटांत बोंबलतो, काहीतरी कर. त्याने केलं. त्यांच्या घरी कंदिलाजवळून माणूस उठला की वात खाली करतात. त्याने मशीनलाही तेच शिकवलं."

"पण चुडामण उठतच नाही. तो समोर बसलेला असतो की."

"मशीनला ते कसं कळणार?" ती म्हणाली. "कीबोर्डची कळ दाबली की ती दार ठोठावते. माउस हलला की ठोठावतो. डिस्कही ठोठावते. इथे यादीच आहे, या तिघांच्या ठोक्याला जागं व्हायचं. जॉयस्टिक दार ठोठावत नाही. ती नुसती उभी असते, खेळ स्वतः जाऊन तिच्याकडे बघतो. वीज वाचवणाऱ्या या नियमाला मात्र तिचा पत्ताच नसतो. म्हणून भिकन खेळला की घरात माणूस आहे असं मशीनला वाटतं. मी खेळले की वाटतं. नाना खेळले की..."

तिने कळेवरचं बोट उचललं.

"कोणीच नाही असं वाटतं," चुडामणने वाक्य पुरं केलं. त्याने निळ्या पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. "घरातल्यांसारखंच मग."

भिकनने मान खाली घातली. रुपचंदभाऊ खिडकीकडे वळले.

"त्या पोराला माझा हात माहीत होता," चुडामण म्हणाला. "मी कसा खेळतो ते माहीत नव्हतं. मी दार लावून घेतलं होतं."

"आणि रुमालात कापूस होता, पंख्यातला. वर टोपली नाही तुमच्या." शैलजाने नियम बंद केला, बदल जपून ठेवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. तिच्या पिशवीतला जुना प्रोसेसर तिने टेबलावर ठेवला. "हा तुमचाच. तो चांगला आहे, नवा लागतच नव्हता. कबुलीचा कागद परत द्या, भाऊ."

रुपचंदभाऊंनी प्रोसेसर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"तू म्हणतेस ते खरं असेल," ते शेवटी म्हणाले. "पण मी चार माणसांत त्याला चोर म्हटलंय. उद्या तो त्याच चार माणसांत माझ्यावर उलटला तर? कागद असू दे माझ्याकडे. मी काही वापरणार नाही."

"वापरणार नाही तर ठेवता कशाला?"

"पोरी, तू मशीनचं बघ."

ते जिना उतरले. शैलजा उभी राहिली. पुरावा तिच्या वहीत होता, पानभर, सेकंदांसकट, आणि त्याचं काहीच होत नव्हतं.

मागे एंटर वाजली. चुडामण दाराकडे पाठ करून खेळायला बसला होता, दार सताड उघडं. एक मिनिट गेलं. दोन गेली. "आता" कोणी म्हटलं नाही.

७

शर्यत संपल्यावर तो उठून खाली गेला. खाली कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग रुपचंदभाऊंचा चढलेला आणि कमलबाईंचा त्याहून चढलेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता.

शैलजा पुढे झाली. त्याने मान हलवली. कागदाचं एक टोक जॉयस्टिकच्या बैठकीखाली सरकवून त्याने दुसरं ओढलं. वाकडातिकडा फाटला. मग अर्धा पुन्हा खाली सरकवला. चार वेळा. तिचं चांगलं अक्षर टेबलभर झालं.

"त्याला सांगा," तो म्हणाला.

"कुठे सांगू? टोळीबरोबर गेला, नाना. पत्ता नाही. रस्ता कुठे चाललाय तेही कोणाला माहीत नाही."

"मग हे फाडून काय झालं?"

फाटलेले तुकडे त्याने खिशात भरले. टाकायला टोपली नव्हतीच.

शनिवारी सकाळी शैलजा जळगावच्या पोस्टात गेली. खिडकीतल्या कारकुनाकडे तिने एक पोस्टकार्ड मागितलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, त्याच पेनने, त्याच अक्षरात. आमश्या पावरा, झिरणपाडा, तालुका शिरपूर. तुमच्या मुलाने काहीही चोरलं नाही. त्याच्याकडून लिहून घेतलेलं खोटं होतं, आणि ते मी लिहिलं होतं, मशीन न उघडता. तो कधी घरी आला तर त्याला सांगा की मशीन उघडून बघितलं.

जागा पुरली नाही. शेवटची ओळ पत्त्याच्या कडेने वर चढली.

"एवढं लिहायचं होतं तर आंतरदेशीय घ्यायचं, ताई," कारकून म्हणाला. "हे उघडं जातं. पोस्टमन वाचतो, गावात कोणीपण वाचतं."

"माहीत आहे. पोस्टकार्डच हवंय."

त्याने शिक्का उचलला, पण मारण्याआधी सवयीने कार्ड उलटलं आणि वाचायला लागला. रांगेतला मागचा माणूस कुरकुरला. शैलजा खिडकीशी तशीच उभी राहिली, त्याचं वाचून पूर्ण होईपर्यंत.